लॅटिने विद्यार्थ्यांचा विद्यापीठ दिन: एका शनिवारने काय होतं आणि काय होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियात गिलरॉयला राहणाऱ्या एका मराठी इंजिनिअर ताईंना त्यांच्या कंपनीतून विचारणा झाली आहे: जवळच्या सरकारी विद्यापीठात लॅटिने, म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतल्या घरांतल्या, विद्यार्थ्यांसाठी शनिवारी एक दिवसाचा कार्यक्रम आहे, सॅलिनास खोऱ्यातल्या शाळांची मुलं येणार आहेत, स्वयंसेवक म्हणून याल का? ताईंनी मला तीन गोष्टी विचारल्या. अशा एका दिवसाने खरंच कुणी कॉलेजला जातं का? सरकारी विद्यापीठाने एकाच समाजासाठी असा दिवस ठेवणं बरोबर आहे का, आणि त्यांच्या दहावीतल्या मुलीने सोबत आलेलं चालेल का? तिसरं म्हणजे, स्पॅनिश न येणाऱ्या आपण मराठी माणसांनी तिथे जाऊन करायचं काय?

मी गेली पंधरा वर्षं कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यावरच्या एका सरकारी विद्यापीठात हेच काम करते. इथे त्याला आउटरीच म्हणतात. शाळाशाळांत जायचं, मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना विद्यापीठात आणायचं, अर्ज भरून घ्यायचे, आणि ऑगस्टमध्ये ते मूल खरोखर वर्गात येऊन बसेपर्यंत पाठपुरावा करायचा. त्या अनुभवावरून लिहिते.

नुसत्या एका दिवसाने कुणी कॉलेजला जात नाही. पण दिवस नीट आखला असेल, तर ज्या घरात कॉलेजचा विषय कधी निघालेलाच नसतो त्या घरात तो रविवारी जेवताना निघतो. या दिवसाकडून माझी अपेक्षा एवढीच असते आणि ती मला लहान वाटत नाही. मूल पुढे शिकणार की नाही हे शाळेच्या समुपदेशकाच्या खोलीत ठरत नाही, घरी जेवणाच्या टेबलाशी ठरतं. तिथे आई असते, वडील असतात, आजी असते, शाळा अर्धवट सोडून कामाला लागलेला मोठा भाऊ असतो. यांच्यापैकी कुणालाच आपण बोलावलं नाही, तर त्या मुलीला घरी जाऊन एकटीने सगळ्यांशी वाद घालावा लागतो, आणि तोही तिला स्वतःलाच अर्धवट समजलेल्या गोष्टीसाठी.

हे मला उशिरा कळलं. माझ्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाला आम्ही मारियाची, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीत वाजवणारे, वादक बोलावले, प्रत्येकाला टी-शर्ट दिला, एका वक्त्यांनी पाऊण तास ‘तुम्ही काहीही करू शकता’ असं सांगितलं. मुलं खूश होऊन बसमध्ये बसली. पुढच्या जूनमध्ये एका शाळेच्या समुपदेशक बाईंना मी विचारलं की तुमच्याकडच्या मुलांचं पुढे काय झालं. त्या म्हणाल्या, दोन मुलींना प्रवेश मिळाला होता, घरून नको म्हणाले. त्या दोघींच्या आईवडिलांनी आमचं विद्यापीठ कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. घरापासून चाळीस मैलांवर होतं. त्यानंतर घरच्यांना सोडून फक्त मुलांचा कार्यक्रम मी केलेला नाही.

स्पॅनिशमध्ये ‘एदुकासिओन’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ नुसतं शालेय शिक्षण असा होत नाही. ‘बिएन एदुकादा’ म्हणजे चांगल्या वळणाची मुलगी, मोठ्यांचा मान ठेवणारी, घरच्यांची जाण असलेली. आपल्याकडे ‘शिकलेली’ आणि ‘संस्कारी’ असे दोन वेगळे शब्द आहेत, त्यांच्याकडे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. त्यामुळे एखादा सहकारी जेव्हा म्हणतो की ‘या पालकांना शिक्षणाची किंमत नाही’, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. किंमत आहे म्हणूनच तर ते सीमा ओलांडून आले, पहाटे चारला उठून शेतावर जातात. मुलीने शिकावं हे त्यांना हवंच असतं. घरापासून दूर तिचं वळण सांभाळणारं तिथे कुणी आहे का, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

एक प्रसंग सांगते. सॅलिनास खोऱ्यातल्या ग्रीनफील्डहून एक कुटुंब आलं होतं. वडील लेट्युस तोडणाऱ्या टोळीत कामाला. आम्ही वसतिगृहातली नमुन्याची खोली दाखवत होतो. मुलगी भिंतीवरची पोस्टरं बघत होती. वडिलांनी हॅट काढून हातात धरली, आत गेले आणि थेट खिडकीपाशी थांबले. खिडकीची कडी उघडली, लावली, परत उघडून पाहिली. मग दाराचं कुलूप. मुलगी ओशाळून हळूच ‘पापा’ म्हणाली. आमची वाट दाखवणारी विद्यार्थिनी त्याच खोऱ्यातल्या सोलेदादची होती, तिसऱ्या वर्षाला. ती पुढे झाली आणि स्पॅनिशमध्ये म्हणाली, माझ्या बाबांनीही हीच कडी तपासली होती. मग तिने सांगितलं की इमारतीचं दार कार्डाशिवाय उघडत नाही, रात्री प्रत्येक मजल्यावर एक मोठा विद्यार्थी जबाबदार असतो, आणि आई मला रोज नऊला फोन करते. वडिलांनी एकच विचारलं: रविवारी घरी कशी जातेस? ती म्हणाली, आधी सॅलिनासला, तिथून किंग सिटीची बस, ती आमच्या दाराशी थांबते. ते दोनदा ‘बस’ म्हणाले आणि बायकोकडे बघून मान हलवली. त्यांची ती मुलगी आज शिक्षिका आहे.

म्हणून वाट दाखवायला मी नेहमी त्याच भागातली मुलं निवडते. स्पॅनिश बोलणारं कुणीही चालेल असं मला पूर्वी वाटायचं, आता वाटत नाही. लॉस एंजेलिसहून आलेली, घरी नेटफ्लिक्स आणि स्वतःची खोली असलेली मुलगी आणि सोलेदादची मुलगी यांच्यात फरक आहे, आणि आईवडील तो दोन मिनिटांत ओळखतात.

भाषेचं आणखी एक. ‘लॅटिने’ या शब्दावरून तुम्ही गोंधळला असाल. स्पॅनिशमध्ये पुरुष ‘लातिनो’, स्त्री ‘लातिना’. दोघांना आणि दोन्हींत न बसणाऱ्यांनाही सामावून घ्यायला आधी इंग्रजीत ‘लॅटिनेक्स’ आलं, पण ते स्पॅनिश जिभेला उच्चारताच येत नाही. मग ‘ए’ कारान्त ‘लातिने’ रुळायला लागलं. विद्यापीठातली तरुण मुलं हा शब्द आपलेपणाने वापरतात आणि तो वापरण्यात मला काहीच गैर वाटत नाही. पण प्यू रिसर्च सेंटर या पाहणी करणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या हिस्पॅनिक प्रौढांपैकी जेमतेम ३ टक्के लोक ‘लॅटिनेक्स’ हा शब्द स्वतःसाठी वापरत होते. आईवडील स्वतःला ‘मेहिकानो’ (मेक्सिकन) म्हणतात, ‘साल्वादोरेन्यो’ (एल साल्वाडोरचे) म्हणतात, नाहीतर गावाचं नाव सांगतात. पत्रकावर मी फक्त ‘फामिलियास’ लिहिते, म्हणजे कुटुंबं. आणि समोरचा स्वतःला जे म्हणेल तेच आपण म्हणायचं.

आणि सगळ्यांना स्पॅनिश येतं हेही गृहीत धरू नका. या खोऱ्यात मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. ग्रीनफील्डला त्रिकी बोलणारे आहेत, सॅलिनासला मिश्तेको बोलणारे. मिश्तेक लोक स्वतःला ‘न्यू सावी’ म्हणतात, पावसाची माणसं. त्यांची भाषा स्पॅनिशपासून तितकीच दूर आहे जितकी कोरकू मराठीपासून. एखादी आई स्पॅनिश सत्रात मागे बसून नुसती मान हलवत असेल तर तिला कळतंय असं समजू नका, कदाचित ती फक्त मान देते आहे. आम्ही आता मिश्तेको आणि त्रिकी दुभाषे पैसे देऊन बोलावतो. मुलीलाच दुभाषी करायचं नाही, हा माझा नियम आहे. ‘माझ्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर?’ हा आईचा प्रश्न त्या मुलीनेच भाषांतर करून आम्हाला सांगायचा, हे बरं नाही. पालकांचं सत्र आम्ही मुळातच स्पॅनिशमध्ये घेतो आणि फक्त इंग्रजी कळणाऱ्यांना कानाला हेडफोन देतो. आमचे मोठे अधिकारी पहिल्यांदा हेडफोन लावून मागच्या रांगेत बसले, तेव्हा पालक किती मोकळेपणी बोलायला लागले ते मी पाहिलं आहे.

आता वेळेचं. हा भाग कुणी नीट सांगत नाही, आणि माझ्या मते निम्मे कार्यक्रम इथेच फसतात.

सॅलिनास खोऱ्याला अमेरिकेचं ‘सॅलड बोल’ म्हणतात. साधारण एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत इथे लेट्युसची तोडणी चालते. थंडी आली की सगळा कारभार अ‍ॅरिझोनातल्या युमाला हलतो. पॅकिंगची यंत्रंसुद्धा ट्रकवर चढतात. त्यांच्याबरोबर टोळ्या जातात, आणि कित्येक घरांतली मुलंही. आता हे बघा: राज्याच्या दोन्ही विद्यापीठ व्यवस्थांचे, म्हणजे कॅल स्टेटचे (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) आणि यूसीचे (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), पुढच्या वर्षाचे अर्ज १ ऑक्टोबरपासून सादर करता येतात आणि नेहमीची मुदत नोव्हेंबरअखेरच्या सुमाराची असते. म्हणजे बारावीतल्या मुलाने अर्ज भरायचा, त्याच महिन्यात घर गाड्यांवर लादलेलं असतं.

मी मूळची बीड जिल्ह्यातली. दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला उचल घेऊन कोयते कारखान्यांकडे निघाले की आमच्या वर्गातली बाकं रिकामी व्हायची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, ते हजेरीवर नुसता हात फिरवत बसायचे. सॅलिनासला पहिल्या वर्षी नोव्हेंबरात एका शाळेत गेले आणि समुपदेशक बाई म्हणाल्या, आमची बरीच मुलं युमाला गेली. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. तेव्हापासून माझा कार्यक्रम सप्टेंबरात असतो. वसंतात हवा छान असते, फोटो छान येतात, म्हणून बहुतेक विद्यापीठं मार्च-एप्रिल निवडतात. बारावीच्या मुलाला तेव्हा त्याचा काही उपयोग नसतो.

शाळेच्या दिवशी ठेवलात तर पिवळ्या बसचा हिशोब असतो. बस सकाळची फेरी संपवून नऊच्या सुमारास मिळते आणि दुपारची फेरी सुरू व्हायच्या आत, दीड-दोनपर्यंत परत द्यावी लागते. येण्याजाण्याचा वेळ वजा केला तर हातात तीन तास उरतात. त्यात भाषणं घातली की विद्यापीठ बघायचं राहूनच जातं. तुमचा कार्यक्रम शनिवारी आहे हे चांगलं, पण हंगामात शनिवारीही काम असतं. सकाळी आया येतील, वडील दुपारनंतर. संयोजकांना सांगा की पैशांचं सत्र दुपारी दोननंतर पुन्हा एकदा घ्या. कामाच्या बुटांवर माती घेऊन, दारात घुटमळणारा बाप आत यायला हवा. मी दारात एक माणूस फक्त त्यासाठी उभा करते.

पैशांवर जरा सविस्तर लिहिते, कारण घरी गेल्यावर सगळं तिथेच अडतं.

पालकांच्या डोक्यात आकडा असतो तो टीव्हीवर ऐकलेला, साठ-सत्तर हजार डॉलर. तो खासगी विद्यापीठांचा असतो. कॅल स्टेटची वर्षाची ट्यूशन २०२४-२५ मध्ये ६,०८४ डॉलर होती, वर प्रत्येक कॅम्पसचं थोडं शुल्क. तेव्हापासून ती दर वर्षी वाढते आहे, हेही लपवायचं नाही. राज्याची कॅल ग्रँट पात्र विद्यार्थ्याची ही ट्यूशन भरते, केंद्राची पेल ग्रँट त्या वर्षी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती, आणि यातलं काहीच परत फेडायचं नसतं. ‘बेका’ म्हणजे परत न करायची मदत आणि ‘प्रेस्तामो’ म्हणजे कर्ज, हे दोन शब्द आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो. खोली आणि जेवणाचा खर्च मात्र ट्यूशनपेक्षा बराच जास्त असतो. तो मी आधीच सांगते. घरून येऊन-जाऊन शिकणं कमीपणाचं नाही हेही सांगते. पण मुलगी निघून गेल्यावर तिची घरात येणारी मजुरी थांबते, धाकट्यांना सांभाळणारं कुणी उरत नाही, हा खर्च आमच्या कुठल्याच पत्रकात छापलेला नसतो आणि घरात सगळ्यात आधी तोच मोजला जातो. त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. मी फक्त तो विषय स्वतः काढते, म्हणजे पालकांना तो काढायची लाज वाटत नाही.

मदतीचा अर्ज म्हणजे फॅफ्सा, केंद्र सरकारचा. तो विद्यार्थी नागरिक असेल किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर भरता येतो, आईवडिलांकडे देशात राहण्याचे कायदेशीर कागद नसले तरी. ज्या मुलांकडे स्वतःचेच कागद नाहीत त्यांच्यासाठी राज्याचा कॅलिफोर्निया ड्रीम अ‍ॅक्टचा वेगळा अर्ज आहे. २००१ च्या एबी ५४० कायद्याने, राज्यात पुरेशी वर्षं शाळा शिकून उत्तीर्ण झालेल्या अशा मुलांना बाहेरच्या राज्यातल्यांसारखी जादा फी लागत नाही, आणि २०११ च्या ड्रीम अ‍ॅक्टने त्यांना राज्याची आर्थिक मदत खुली झाली. हे आजही कित्येक घरांना माहीत नाही. ‘आमच्याकडे पेपर नाहीत, म्हणजे कॉलेज नाही’ असं गृहीत धरून मुलगा नववीतच सुटीत शेतावर जायला लागतो.

२०२४-२५ साठीचा नवा फॅफ्सा नेहमीप्रमाणे ऑक्टोबरात न येता डिसेंबर २०२३ च्या अगदी शेवटी आला, आणि ज्यांच्या आईवडिलांना सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी ओळख क्रमांक) नाही अशा मुलांचा अर्ज कित्येक आठवडे पुढेच सरकत नव्हता. कॅलिफोर्नियाने मुदत वाढवली, अशा मुलांना राज्याच्या मदतीसाठी ड्रीम अ‍ॅक्टचा अर्ज भरायची मुभा दिली. त्या फेब्रुवारीतली एक संध्याकाळ मी विसरणार नाही. एक आई प्लास्टिकच्या पिशवीत गेल्या सहा वर्षांचे करांचे कागद, भाड्याच्या पावत्या, मुलाची लसीकरणाची कार्डं, सगळं इस्त्री केल्यासारखं सरळ करून घेऊन आली होती. चौथ्यांदा आली होती. स्क्रीनवर पुन्हा तीच चूक आली. तिने कागद परत त्याच क्रमाने पिशवीत ठेवले आणि विचारलं, उद्या किती वाजता येऊ? तो मुलगा गेला कॉलेजला. पण प्रत्येक आईला चार संध्याकाळी सुटीच्या मिळत नाहीत.

आताच्या दिवसांत कागद नसलेल्या घरांतली पकडले जाण्याची भीती आणखी वाढलेली आहे. म्हणून काही पथ्यं मी कडक पाळते आणि तुम्हीही पाळा. ‘कागद नसलेल्यांनी हात वर करा’ असं कुणीही, कधीही म्हणायचं नाही. हजेरीच्या कागदावर जन्मस्थळ विचारायचं नाही. ड्रीम अ‍ॅक्टची माहिती सगळ्यांनाच द्यायची, म्हणजे ती कुणी घेतली हे दिसत नाही. पालकांचे फोटो काढायचे नाहीत, आणि तुमच्या कंपनीच्या गटाला सेल्फी टाकायचे असतील तर मागे कुटुंबं नसावीत. केंद्राचा अर्ज भरावा की नाही, असं कुणी विचारलं तर सल्ला देऊ नका, त्यांना आमच्या प्रशिक्षित माणसाकडे किंवा वकिलाच्या टेबलाकडे पोचवा. तिथे चुकीचं बोललेलं एक वाक्य घराला महागात पडू शकतं.

दुसरा प्रश्न, एकाच समाजासाठी का. कायद्याने पाहिलं तर कॅलिफोर्नियात १९९६ च्या प्रपोझिशन २०९ नुसार सरकारी विद्यापीठ वंशावरून कुणाला झुकतं माप देऊ शकत नाही. म्हणून दार कुणालाच बंद नसतं. तुमची मुलगी खुशाल येऊ शकते, यावंच तिने. कार्यक्रमाची भाषा, उदाहरणं, खाणं, पाहुणे लॅटिने कुटुंबांना ओळखीचे वाटावेत असे असतात, इतकंच. आमच्याकडे दर वर्षी फिलिपिनो मुलं येतात, सॅलिनासच्या परिसरात काही पंजाबी घरं आहेत, तीही येतात.

पण कायद्याच्या पलीकडे एक गोष्ट आहे. हा दिवस विद्यापीठांनी मोठ्या मनाने सुरू केला असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधल्या शाळांतून हजारो मेक्सिकन-अमेरिकन मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. लिंकन हायस्कूलचे शिक्षक साल कास्त्रो त्यांच्या बाजूने उभे राहिले, त्यासाठी त्यांना अटक झाली. मुलांची तक्रार साधी होती: आम्हाला हुशार असूनही सुतारकाम नि शिवणकामाच्या वर्गांत ढकलता, शाळेत स्पॅनिश बोललं तर शिक्षा करता, कॉलेजबद्दल कुणी सांगतच नाही. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, सांता बार्बराच्या विद्यापीठात विद्यार्थी आणि प्राध्यापक जमले आणि त्यांनी ‘प्लान दे सांता बार्बारा’ नावाचा आराखडा लिहिला. त्यातून मेचा ही विद्यार्थी संघटना उभी राहिली. त्याच वर्षी राज्याने कॅल स्टेटमध्ये ईओपी कार्यक्रमाला कायद्याने मान्यता दिली, गरीब घरातल्या पहिल्या पिढीच्या मुलांसाठी. मेचाची मुलं मग स्वतःच्या जुन्या शाळांत जाऊन धाकट्यांना बसने विद्यापीठात आणायला लागली. त्या दिवसाला बऱ्याच ठिकाणी ‘रासा डे’ म्हणत. आज आम्ही पगार घेऊन जे करतो त्याची पायवाट त्या मुलांनी पाडलेली आहे.

आज कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत निम्म्याहून जास्त मुलं लॅटिनो आहेत, आणि कॅल स्टेटमध्येही जवळपास निम्मे विद्यार्थी. ज्या विद्यापीठात पदवीचे किमान २५ टक्के विद्यार्थी हिस्पॅनिक असतात त्याला केंद्राच्या कायद्यात ‘हिस्पॅनिक-सर्व्हिंग’ म्हणतात आणि त्यासाठी वेगळा निधी होता. शिकवणी केंद्रं, समुपदेशकांचे पगार अशा कितीतरी गोष्टी त्यातून चालत. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने या निधीचा मोठा भाग थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे या वर्षी तुमच्यासारख्या स्वयंसेवकांना बोलावणं आलं असेल तर त्यामागे हेही कारण असू शकतं.

आता तिसरा प्रश्न, आणि इथे मी स्पष्ट बोलते. आपल्या लोकांना माईक दिला की एक भाषण ठरलेलं असतं: आम्हीही या देशात बाहेरून आलो, हातात दोन बॅगा होत्या, शिकलो, कष्ट केले, तुम्हीही करू शकता. ते मनापासून असतं, पण कृपा करून करू नका. आपल्यातले बहुतेक जण पदवी हातात घेऊन, व्हिसा घेऊन, विमानाने आलो. आपली फी कुणीतरी भरलेली होती, आणि इंग्रजी शाळेत शिकून झालेलं होतं. समोर बसलेल्या बापाने कष्ट केलेले नाहीत असं त्या भाषणातून नकळत सुचवलं जातं. तो तर आदल्या दिवशी दहा तास वाकून तोडणी करून आलेला असतो.

त्यापेक्षा तुम्हाला जे खरंच येतं ते द्या. तुम्ही इंजिनिअर आहात. मुलांच्या छोट्या गटाला सांगा की सोमवारी सकाळी ऑफिसात गेल्यावर तुम्ही नेमकं काय करता, कुणाशी बोलता, काय बिघडतं, पगार कसा ठरतो. या मुलांनी असं काम करणारं माणूस जवळून पाहिलेलं नसतं. एका मुलाने मागे एका इंजिनिअरला विचारलं होतं, तुम्हाला पाऊस पडला तर सुट्टी देतात का? कारण त्याच्या घरी पाऊस म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. त्या बाईंनी त्याला पगारी रजा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. अख्खा गट त्याच विषयावर अर्धा तास बोलत होता.

नववी-दहावीच्या मुलांबरोबर बसलात तर एक कागद हातात ठेवा, ए-जी विषयांचा. कॅल स्टेट आणि यूसीसाठी सात विषयगटांत मिळून पंधरा वर्षभराचे कोर्स लागतात, प्रत्येकात किमान ‘सी’: इतिहास दोन, इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान दोन, दुसरी भाषा दोन, कला एक, ऐच्छिक एक. शाळेतून उत्तीर्ण होणं आणि विद्यापीठाला पात्र होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बारावीत कळलं तर फार उशीर झालेला असतो. मुलाचं गुणपत्रक शेजारी ठेवून ओळ न ओळ जुळवून बघा. गणितात ‘डी’ असेल तर उन्हाळी वर्गात तो सुधारता येतो, फक्त कुणीतरी वेळेवर सांगायला हवं. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाला एपी स्पॅनिशची, म्हणजे कॉलेजच्या पातळीची, परीक्षा द्यायला सांगा, पुरेसे गुण मिळाले तर त्यातून भाषेची अट भागते. आईबापांकडून आलेली भाषा पहिल्यांदाच गुणपत्रकावर उमटते, तेव्हा त्या मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आणि एक विनंती. तुम्हाला या कामात खरंच उपयोगी पडायचं असेल तर शनिवारपेक्षा मे ते जुलै जास्त महत्त्वाचे आहेत. प्रवेश मिळालेली मुलं उन्हाळ्यात गळतात, आमच्या भाषेत त्याला ‘समर मेल्ट’ म्हणतात. १ मेच्या सुमारास येतोय म्हणून कळवायचं आणि अनामत भरायची असते, मग शाळेचं अंतिम गुणपत्रक पाठवायचं, ओरिएंटेशनची तारीख घ्यायची, लसीकरणाची नोंद द्यायची. सगळ्या सूचना विद्यापीठाच्या ईमेलवर येतात, आणि मुलगी तेव्हा स्ट्रॉबेरी वेचायला गेलेली असते. शाळा संपली, समुपदेशक सुटीवर, घरात विचारायला कुणी नाही. रिव्हरसाईड काउंटीत २०२४ च्या शरदापासून कॅल स्टेटने पात्र मुलांना अर्ज न करताच थेट प्रवेशाची पत्रं पाठवून पाहिली. चांगली गोष्ट आहे, मला त्यातून आशा वाटते. पण पत्र आलं तरी मे ते ऑगस्टचा रस्ता तेवढाच लांब राहतो.

त्यासाठी आमची एक फोनयादी असते. प्रत्येक स्वयंसेवकाला आठ मुलं. दोन आठवड्यांतून एकदा फोन, तोही संध्याकाळी सातनंतर, शेतावरून घरी येऊन अंघोळ-जेवण झाल्यावर. विचारायचं एवढंच की पोर्टलवर कुठली गोष्ट लाल दिसते आहे, आणि ती हिरवी होईपर्यंत फोनवर थांबायचं. मुलं इंग्रजी बोलतात, त्यामुळे स्पॅनिश लागत नाही. आईशी बोलायची वेळ आली तर ‘ब्वेनास तार्देस, सेन्योरा’ एवढं शिकून ठेवा, पुढचं आमची मुलं सांभाळतील.

शनिवारी मीही तिथे असेन, साडेसातला या. बस पावणेनऊला येते, पण त्याआधी कॉफी आणि पान दुल्से (मेक्सिकन गोड पाव) मांडायला माणसं लागतात. मुलीलाही आणा, तिला मी नोंदणीच्या टेबलावर बसवीन. आणि फोनयादीत तुमचं नाव घालायचं असेल तर त्याच दिवशी सांगा. मागच्या उन्हाळ्यात शेवटच्या आठ मुलांना माणूस कमी पडला होता.